आत्या जिथे थांबायची

दादाचा फोन आला तेव्हा माझ्या कानात आत्याच गात होती. वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात मी हेडफोन लावून तिच्या आवाजाची नवी आवृत्ती तपासत बसले होते आणि मोबाइलवर दादाचं नाव दिसलं. मी गाणं थांबवून फोन घेतला. "ज्योती, हिरा आत्या गेली गं," दादा म्हणाला. दुपारी जेवून आडवी झाली होती, चहाला उठवायला गेले तर... पुढचं त्याला बोलवेना. मी "निघते" म्हटलं आणि उठले. उठताना हेडफोनची वायर ओढली गेली असावी, हातही कुठल्या तरी बटणावर पडला असावा, कारण आत्या जिथे थांबली होती तिथून पुढे गायला लागली, आणि आता अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. समोर बसलेला निखिल हसून म्हणाला, "आजी आज फॉर्मात आहेत." त्याला अजून काही कळलेलं नव्हतं. मी बॅग उचलली.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची सख्खी बहीण, हिराबाई. डोंबिवलीच्या खाडीकडच्या अंगाला आमचं गाव आहे. 'गाव' म्हणायचं ते सवयीने, आता तिथे टॉवर आहेत आणि त्यांच्यामध्ये आम्हा आगऱ्यांचे संगमरवरी पायऱ्यांचे बंगले. आत्याचं सासरही इथलंच, आणि ती त्या पंचक्रोशीची धवलारीण. ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी सांगते, आमच्या लग्नात एकेका विधीचं एकेक गाणं असतं, त्याला धवला म्हणतात, आणि तो मांडवात बसून गाते ती धवलारीण. गाणारी बाई म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर ऑर्केस्ट्रा येतो. तसं काही नाही. तिने धवला गायल्याशिवाय तो विधी झाला असं आमच्याकडची जुनी माणसं मानत नसत. म्हणून मांडवात पहिला पाट तिचा, पहिलं लुगडं तिला, आणि ती गात असताना तिला "आटपा आता" म्हणायची कोणाची छाती नसे.

आत्या नम्र वगैरे अजिबात नव्हती, हेही सांगून टाकते. मेलेल्या माणसाबद्दल लिहिताना त्याला साधंभोळं करून टाकायची आपल्याकडे पद्धत आहे, तिला ते मुळीच खपलं नसतं. तरुणपणी तिने मिठागरावर डोक्यावरून मीठ वाहिलं, नंतर जागेला भाव आला तेव्हा बिल्डरच्या माणसांना दारात उभं करून सौदा केला, आणि दोन्ही गोष्टी ती सारख्याच ठसक्यात सांगायची. सोफ्यावर बसायची नाही. "बुडतं," म्हणायची. संगमरवरी पडवीत तिचा सागवानी पाट ठेवलेला असे, सासूकडून आलेला, मधोमध बसून बसून जरासा खोलगट झालेला. तिला भेटायला येणाऱ्याने, मग तो नगरसेवक का असेना, समोरच्या लादीवर बसायचं.

एक धवला नवरीला बोहल्यावर नेण्याआधी गातात. त्यात एका ठिकाणी धवलारीण थांबते, नवरीच्या तोंडाकडे बघते. नवरी मान खाली घालते, आणि गाणं पुढे सुरू होतं. झालं, एवढंच. पिढ्यान्‌पिढ्या ते तसंच चालत आलेलं. नवरी लाजली म्हणजे राजी आहे, असा त्याचा अर्थ कधी काळी कोणी तरी लावला असेल. आमच्या लहानपणी तर त्याला काही अर्थ आहे हेही कोणाच्या ध्यानात नसायचं. बायका त्या वेळात पदर सारखे करून घ्यायच्या.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी डिप्लोमाला होते. मुलगा वाईट नव्हता. आजही कुठे भेटला तर आम्ही हसून बोलतो. स्थळ चांगलं, जमीनजुमला भरपूर, वडिलांनी शब्द दिलेला, आणि मला कोणी काही विचारलं नव्हतं कारण विचारायचं असतं हेच कोणाला माहीत नव्हतं. हळद झाली, मांडव भरला. आत्या गायला बसली. तो धवला आला, ती जागा आली, आत्या थांबली. मीही सगळ्या नवरीमुलींसारखी मान खाली घातली. पण गाणं पुढे सुरू होईना. कोणी तरी खोकलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मांडवाच्या दारातून वडील म्हणाले, "हिरे, घे पुढं." आत्याने तिकडे बघितलंसुद्धा नाही. मग रोजच्या बोलायच्या आवाजात तिने मला विचारलं, "ज्योते, तुना जायाचं हाय का?"

मी म्हटलं, "मला शिकायचंय." माझ्या शेजारी बसलेल्या करवलीलाही ऐकू गेलं नसेल, इतकं हळू. आत्याला ऐकू गेलं. ती पाटावरून उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "मी पुढं गात नाय. ज्याला गायाचं हाय त्यानं गावा." माणसं गाडी घेऊन दुसऱ्या गावच्या धवलारणीकडे धावली. ती आली, दारात उभी राहिली, आणि हिराबाई थांबल्यात हे कळल्यावर हात जोडून तशीच परत गेली. ते लग्न झालं नाही.

पुढचं सोपं नव्हतं. वडिलांनी सख्ख्या बहिणीशी बोलणं टाकलं. गावाने तिला मांडवात बोलवायचं सोडलं. कितीतरी लगीनसराया अशा गेल्या की शेजारच्या मांडवातून कर्ण्यावर दुसऱ्याच कोणाचे धवले ऐकू येत, आणि आत्या पडवीत त्या पाटावर बसून तांदूळ निवडत ती बाई कुठे कुठे चुकली ते मोठमोठ्याने सांगत असे. रडली असेल तर एकटीच. मी मात्र कॉलेजला जात राहिले. मग हळूहळू उलटं वारं फिरलं. ज्यांच्या घरात लग्न असे त्या घरातल्या आया गुपचूप तिच्याकडे यायला लागल्या. "माझ्या पोरीला इचारनारी पायजे," म्हणायला लागल्या. दादाच्या लग्नाच्या वेळी वडील स्वतः नारळ घेऊन तिच्या पायरीशी जाऊन बसले. आत्याने नारळ उचलला आणि आत जाऊन चहा टाकला.

त्यानंतर आमच्या त्या चार-सहा गावांत त्या जागेला नवऱ्या मान खाली घालायच्या बंद झाल्या. आत्या थांबली की नवरी मान वर करून "हो" म्हणते, सगळा मांडव हसतो, आणि गाणं पुढे जातं. आजकालच्या मुली तर त्याचा व्हिडिओ काढायला मैत्रिणीला आधीच सांगून ठेवतात. पुढे मी माझ्या पसंतीने लग्न केलं तेव्हा आत्या त्या जागी इतका वेळ माझ्याकडे डोळे रोखून बसली की माझ्या नवऱ्याला घाम फुटला. एका बाईने एका दुपारी तोंड मिटून घेतलं आणि एवढं सगळं बदललं. मला तिचा किती अभिमान वाटतो हे मी तिला कधी सांगितलं नाही, कारण तिला ते माहीत होतं आणि ती स्वतःच चारचौघांत सांगायची.

आता आमच्या कंपनीची गोष्ट. आम्ही बोलणारी यंत्रं तयार करतो. बँकेला फोन केल्यावर जी गोड बाई तुमच्याशी बोलते ती बाई नसते, तसलं काही. आत्याचा आवाज थकायला लागला तेव्हा मी साहेबांना विचारून तिला रेकॉर्डिंगसाठी घेऊन आले. तिने पहिल्याच दिवशी सगळ्यांना वेठीला धरलं. खुर्ची नको, पाट घरून आणला. माइक लावला तर विचारते, "लगीन कोनाचं?" कोणाचंच नाही म्हटल्यावर गायला तयार नाही. नवरी समोर नसताना धवला कसा गायचा? शेवटी आमच्या अकाउंट्समधल्या नेहाला तिच्यासमोर बसवलं. नेहाच्या लग्नाला बरीच वर्षं झालेली, मुलगा शाळेत. आत्या गात गात त्या जागेला आली, थांबली, नेहाकडे बघितलं. नेहा आधी हसली, मग "हो" म्हणाली, आणि बाहेर आल्यावर मला म्हणाली, "मॅडम, मला माझ्या लग्नात कोणी विचारलंच नव्हतं." त्या दिवशी तिने डबा तसाच परत नेला.

त्या रेकॉर्डिंगवरून तिच्या आवाजात गाणारं-बोलणारं यंत्र तयार झालं तेव्हा आम्ही घरच्यांची परीक्षा घेतली. एक धवला आत्याचा, एक यंत्राचा, ओळखा कुठला कोणाचा. दादा चुकला. आत्याची सून, जिने तो आवाज उठताबसता ऐकला, तीही चुकली. शेवटी आत्याला ऑफिसात आणून ऐकवलं. तिने डोळे मिटून सगळं ऐकलं आणि खूश झाली. "माझ्यापेक्षा बरा गातंय," म्हणाली. "खोकत नाय." निखिलला तेवढंच पाहिजे होतं. या मुलाला यंत्रांबद्दल फार प्रेम. तो म्हणाला, "आजी, तुमच्या घरच्यांनाही फरक कळला नाही. मग हे माणसासारखं हुशार आहे असं मानायला काय हरकत आहे? उद्या अशा यंत्रांना हक्क द्या म्हणून लोक मागणी करतील, बघा."

"हक्क मंजे काय?" आत्याने मला विचारलं. मी म्हटलं, "मान समज, आत्या. तुझा पाट, तुझं लुगडं." तशी ती सावरून बसली. मला वाटलं होतं ती उडवून लावेल. पण मानाच्या बाबतीत ती कधी थट्टा करत नसे. तिने यंत्राकडे तोंड करून विचारलं, "तुना थांबता येतं का?" यंत्राने तिच्याच आवाजात उत्तर दिलं, "हो, नक्की. तुम्ही सांगाल तेव्हा मी थांबेन." आत्याला हसू फुटलं. "माझ्या गल्यातून शालंतली बाई बोलतेय," म्हणाली. मग निखिलला म्हणाली, "सांगल्यावर टेप पन थांबते रं."

निखिलही हार मानणारा नाही. "पण आजी, तुम्हाला तरी कोणी शिकवलंच ना? तुमच्या सासूबाईंची नक्कलच केलीत ना तुम्ही आधी?"

"केलीच की," आत्या म्हणाली. "सासू जिथं श्वास घ्यायची तिथं मी घेतला. लय लग्नं तशीच गायले. तवर मी पन तुमची मशीनच होते." मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हिच्या लग्नात थांबले, तवा धवलारीन जाले."

मी ते सगळं आयुष्यभर माझी गोष्ट म्हणून सांगत आले होते... ती तिचीही होती हे त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं. पण मीही तिचीच भाची, सहजी ऐकणार नव्हते. मी म्हटलं, "अगं, हे याला शिकवता येईल. नवरी गप्प बसली तर गाऊ नकोस, असं सांगून ठेवायचं." ती म्हणाली, "मंग ते तू थांबवलंस. त्याचं काय गेलं? माझा भाऊ गेला व्हता, मांडव गेले व्हते." मी पुन्हा म्हटलं, "आणि ज्याला नाही म्हणताच येत नाही त्याला मान नाही का? तान्ह्या बाळाला?" आत्या माझ्याकडे कीव आल्यासारखी बघत राहिली. "ज्योते, तुना पोरं जाली ना? दूद नको जालं की बाल तोंड फिरवतं."

मग निखिलने अगदी हळू विचारलं, "पण आजी, एखाद्या दिवशी हे खरंच आपणहून थांबलं तर?" आत्याने मान डोलावली. "यो पोरगा चांगलं इचारतोय," म्हणाली. मग आमच्या ऑफिसातल्या त्या काचेच्या खोलीत तिने निवाडा दिल्यासारखं सांगितलं, "ज्या दिवशी यो आपसूक थांबंल, कोनी सांगल्याबिगर, त्या दिवशी त्याला पाट मांडा. लुगडं पन द्या. आनि कोनी त्याचं बटन दाबू नका. मना घरी बसवलं तसं त्याला बसवू नका." लुगडं यंत्राने नेसायचं कसं हा प्रश्न निखिलने विचारला नाही. तिला घेऊन मी खाली आले, तेव्हा टॅक्सीत बसायच्या आधी मी इतकी वर्षं मनात ठेवलेली गोष्ट विचारली. "आत्या, सगळ्याच नवऱ्या मान खाली घालायच्या. मला जायचं नाही हे तुला कसं कळलं?"

"कललं नव्हतं," ती म्हणाली. "कललं असतं तर गायले असते, नायतर आदीच सांगितलं असतं. नाय कललं, म्हनून तर थांबले."

हे वाक्य घेऊन मी अजून बसले आहे. आमचं यंत्र एवढं शिकलं, पण त्याला कधी शंका आलेली मी पाहिलेली नाही. चुकतं तेव्हाही ते खात्रीने चुकतं. त्याच्या आत काही आहे की नाही ते मला सांगता येत नाही, आणि जे छातीठोकपणे सांगतात त्यांच्यावर माझा विश्वास नाही. मात्र ज्या बाईची ते नक्कल करतं तिच्या आत काय होतं, ते मला माहीत आहे. त्याच्याच जोरावर मी शिकले, नोकरी केली, घर घेतलं.

आत्या गेली तेव्हा दादाच्या मुलीचं, सायलीचं लग्न तोंडावर आलं होतं. "माझ्यापायी तारीख हलवायची नाय," असं ती आधीच बजावून गेलेली. तेराव्यानंतर दादा माझ्याकडे वर्तकनगरला आला. त्याचं एकच म्हणणं होतं, मांडवात आत्याच गाणार. "आवाज आहे ना तुझ्याकडे. तिच्याच पाटावर ठेवू. लुगडंही ठेवू. मला ती पाहिजे गं तिथं." मी त्याला आत्याचा निवाडा सांगितला. पाट अजून त्या यंत्राचा नाही, म्हटलं. "तू पण ना, काय वाद घालतेस अशा वेळी," दादा म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. मग मला नाही म्हणवेना.

गेल्या आठवड्यात लग्न झालं. पाटावर स्पीकर, त्याच्यासमोर हिरवं लुगडं, वर फुलं. आत्याचा आवाज सुरू झाला आणि मांडवातल्या म्हाताऱ्या हमसून रडायला लागल्या. इतका हुबेहूब. मीच तयार केलेला, तरी माझ्याही अंगावर काटा आला. तो धवला सुरू झाला. ती जागा आली, आवाज थांबला, रेकॉर्डिंगमध्ये थांबायचा अगदी तेवढाच. सायलीने हसून मान वर केली. "हो" म्हणायला तोंड उघडलं. आणि गाणं पुढे गेलं.

सायलीचं तोंड तसंच उघडं राहिलं. मग ती माझ्याकडे वळली. "आत्या," ती मला म्हणाली, "याने मला विचारलंच नाही."

दादाने पुढे होऊन स्पीकर बंद केला, उचलून खुर्चीवर ठेवला, आणि मला म्हणाला, "तू घे." मला गाता येत नाही. आमच्या घराण्यात सगळ्यांत बेसूर मीच. पण मी बसले त्या पाटावर, त्या खोलगट जागेत, आणि मागच्या म्हाताऱ्या शब्द पुरवत होत्या तशी तो धवला पुन्हा पहिल्यापासून गायले. ती जागा आली आणि मी थांबले. मुलगा सायलीने स्वतः पसंत केलेला, दोघांनी घोडबंदर रोडला फ्लॅट बुक केलेला, बाहेर जेवणाची पानं मांडलेली. तरीही त्या घटकेला, खरं सांगते, ती काय म्हणेल ते मला माहीत नव्हतं. आणि ती "नको" म्हणाली तर मी उठणार होते, दादा माझ्याशी जन्मभर बोलला नसता तरी. आत्या दर लग्नात अशी बसायची हे मला तेव्हा समजलं. सायलीने भाव खाऊन पुरेसा वेळ घेतला. मग म्हणाली, "हो."

लुगडं दादाने मला दिलं, मी घेतलं. आत्याची भाची आहे, मानाचं लुगडं नाकारणार नाही. पाटही माझ्याकडे आला. तो मी हॉलमध्ये भिंतीशी उभा केला आहे. निखिलने परवा विचारलं, हा आवाज आता काढून टाकायचा का. मी नको म्हटलं. रविवारी सकाळी घरातली कामं उरकली की मी तो धवला लावते. ती जागा येते, आवाज थांबतो... आणि मी हातातलं काम सोडून मान वर करते, आज पुढे जातोय की नाही ते बघत. अजून तरी दर वेळी तो पुढे गेला आहे. पाट मी पुसून ठेवते.